वचन आणि जमाखर्च

जबलपुरातील कमानिया गेट हे बड्या फुहाऱ्याकडच्या सराफा बाजाराच्या तोंडाशी उभे आहे. त्याच्या नावातली ‘कमान’ मराठी वाचकाला अनुवादाशिवाय ओळखता येते. या कमानीखालून दिवसभर माणसे, हातगाड्या आणि वाहने जातात. बाजूच्या दुकानांतून सोने तोलले जाते. १९३९ च्या मार्च महिन्यात नर्मदाकाठी, कलचुरींच्या जुन्या राजधानीच्या परिसरात भरलेल्या त्रिपुरी काँग्रेसचे ते स्मारक आहे, हे जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी थोड्यांच्याच मनात असेल. अधिवेशन बावन्नावे म्हणून मिरवणुकीला बावन्न हत्ती जुंपले होते. निवडून आलेले अध्यक्ष सुभाषचंद्र बोस तापाने फणफणलेले असल्याने मिरवणुकीत त्यांची केवळ तसबीर होती. हत्तींची आठवण शहराने जपली. ज्या प्रश्नावरून त्या वर्षी अध्यक्षपदाची निवडणूक लढवली गेली, तो मात्र तितका आठवला जात नाही.

प्रश्न वरकरणी पक्षशिस्तीचा होता. स्वतंत्र देशांप्रमाणे येथेही उमेदवाराने आपला कार्यक्रम मांडावा आणि प्रतिनिधींनी त्यावर कौल द्यावा, असे बोस यांचे म्हणणे होते. वल्लभभाई पटेल आणि कार्यकारिणीतील त्यांच्या सहकाऱ्यांनी पत्रक काढून सांगितले की, अध्यक्ष हा सभेचा चालक आहे. धोरण ठरवणे हे काँग्रेसचे आणि तिच्या कार्यकारिणीचे काम आहे. २९ जानेवारीला मतदान झाले. बोस यांना १५८० आणि पट्टाभि सीतारामय्या यांना १३७७ मते पडली. या वादात नीतिशास्त्राचा एक जुना प्रश्न दडलेला आहे. मत मागणाऱ्याने आपली मूल्ये सांगावीत काय, आणि सांगायची तर कुठपर्यंत सांगावीत?

‘कुठपर्यंत’ हा त्यातला अवघड भाग होय. समता हवी, शिक्षण हवे, शेतकऱ्याचे कर्ज फिटावे, हे म्हणण्यास कोणाचीच आडकाठी नसते. अडचण पुढच्या वाक्यापाशी येते: यासाठी पैसा कोण देणार? हे वाक्य गाळणारा उमेदवार खोटे बोलतो असे म्हणता येणार नाही. पण ज्याच्या खिशाला हात लागायचा आहे त्याची संमती तो न विचारता गृहीत धरतो. बोस यांच्या बाजूने एवढे नोंदवलेच पाहिजे की, १९३८ च्या हरिपुरा भाषणात त्यांनी जमीनदारी निर्मूलनाबरोबर आणि उद्योगांच्या समाजीकरणाबरोबर भांडवलाचाही प्रश्न घेतला होता. ते देशी वा विदेशी कर्जातून, नाही तर चलनवाढीतून उभे करावे लागेल, असे ते म्हणाले. चलनवाढीचा बोजा मजुरीवर जगणाऱ्यावर सर्वांत आधी पडतो, याचा ऊहापोह तेथे नव्हता. तरीही मार्ग सांगितला गेला होता, आणि त्यामुळे त्यावर वाद घालणे शक्य होते. त्रिपुरीत तो वाद झाला नाही. गोविंद वल्लभ पंतांच्या ठरावाने निष्ठेचा प्रश्न पुढे आणला. २९ एप्रिलला बोस यांनी राजीनामा दिला.

जमाखर्चाची गोष्ट नीतीच्या दरबारात आणण्याचा मान मराठी माणसाकडे फार पूर्वीच जातो. १९०२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी कलकत्त्याच्या विधान परिषदेत अंदाजपत्रकावर बोलताना सरकारची शिल्लक हाच आक्षेपाचा विषय केला. दुष्काळाने खंगलेल्या रयतेकडून गरजेपेक्षा अधिक वसूल केल्यावर तिजोरीत पैसा उरला, तर त्याला काटकसर म्हणावे काय? शिलकी अंदाजपत्रकाला आजही सदाचरणाचे प्रमाणपत्र मानले जाते, म्हणून हा मुद्दा जुना होत नाही. १९०३ मध्ये मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला. पुढे १९२७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच तर्काचा धागा शेतसाऱ्यापर्यंत नेला: उत्पन्न नसेल तर आयकर द्यावा लागत नाही, पण पीक बुडाले तरी लहान शेतकऱ्याची सुटका नाही.

काँग्रेसनेही १९३१ च्या कराची ठरावात मूल्ये आणि हिशेब एकत्र मांडले होते. मीठकर रद्द, लष्करी खर्च निम्मा, श्रीमंतांच्या वारशावर चढता कर, अधिकाऱ्यांच्या वेतनाला पाचशे रुपयांची मर्यादा. १९३७ मध्ये प्रांतांत मंत्रिमंडळे आली तेव्हा या वचनांची कसोटी लागली. ज्या मध्य प्रांतात त्रिपुरी येते, तेथे रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना काढली. दान मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर खेड्यातली शाळा चालावी, तिजोरीवर भार पडू नये, ही तिची कल्पना. कल्पना सुंदर होती, पण तिच्यात शिक्षण हा हक्क राहतो की दात्याच्या मर्जीवर जातो, ही शंका उरतेच.

मुंबई इलाख्यातला प्रसंग याहून बोधक आहे. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने दारूबंदी हाती घेतली. अबकारी हा प्रांताच्या उत्पन्नाचा मोठा आधार होता. तो काढून घेतल्यावर खड्डा भरणे अर्थमंत्री अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे आले. हे तेच लठ्ठे, ज्यांनी शाहू महाराजांचे चरित्र लिहिले. त्यांनी शहरी स्थावर मालमत्तेवर कर बसवला. निर्णय पटो वा न पटो, त्यात आडपडदा नव्हता: झोपडीतल्या मजुराची दारू सुटावी म्हणून शहरातल्या घरमालकाने द्यावे. मालमत्ताधारक संतापले. आंबेडकरांचा विरोध मात्र निराळ्या जातीचा होता. पैसा मर्यादित असेल तर शिक्षणासारख्या गरजांना डावलून दारूबंदीला अग्रक्रम का, असे त्यांनी विचारले. खेर-लठ्ठे यांना पुरोगामी म्हणावे तर आंबेडकरांना काय म्हणावे? दोघांच्याही पुढ्यात तोच अर्थसंकल्प होता. आकड्यांवर त्यांचा मतभेद नव्हता. कोणते दुःख आधी, यावर होता. त्रिपुरीच्या मंडपात जे बोलले गेले नाही, ते येथे रुपये-आण्यांच्या भाषेत बोलले गेले. आणि कोरड्या समजल्या जाणाऱ्या या भाषेतच माणसाची मूल्ये सर्वांत कमी लपतात.

१ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. सुमारे तीन महिन्यांनी महायुद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १९४० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दारूबंदीची अधिसूचना बेकायदा ठरवली. ज्या मालमत्ताकराने तिचा खर्च भागायचा होता, त्यालाही त्याच न्यायालयात आव्हान दिले गेले होते. तो कर वैध ठरला.