किरकोळ खात्यातली फी

घाटकोपरचं घर रिकामं करताना माळ्यावरून आजोबांच्या हिशेबाच्या वह्या निघाल्या. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, कोपरे वाळवीने खाल्लेल्या. 1971 च्या वहीत काकाच्या कॉलेजसाठी अख्खं पान राखलेलं होतं: फी, पुस्तकं, रेल्वेचा पास. आत्या तेव्हा नववीत होती. तिची फी शोधायला मला बराच वेळ लागला. सापडली ती ‘किरकोळ’मध्ये, दळण आणि चपलेचा अंगठा यांच्या मधोमध. आजोबा दुष्ट नव्हते. मुलींनी शिकावं असं तेही म्हणत. पण तो पैसा मांडायचा कुठल्या खात्यात, हे त्यांना उमगलेलं नव्हतं.

त्यांनाच काय, कोणालाच धड उमगलेलं नव्हतं. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1848 मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. पुढे 1882 मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन दिलं, ते मला नेहमी जमाखर्चाच्या कागदासारखं वाटतं. सरकारी तिजोरी भरते शेतकऱ्याच्या घामाने आणि रिकामी होते वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, ही त्यातली तक्रार. मुलींच्या प्राथमिक शिक्षणासाठी सरकारने हात सैल करावा, ही मागणीही त्यातच. म्हणजे शिक्षण हे देणं, तेही थकलेलं. आणि थकबाकी मागायला आलेला माणूस ‘यात तुमचाच फायदा आहे’ असं समजावत बसत नाही.

ते समजावणं पुढच्यांच्या वाट्याला आलं. महर्षी कर्व्यांनी जपानच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून 1916 मध्ये आपलं महिला विद्यापीठ सुरू केलं. शिक्षण मातृभाषेतून आणि घरसंसाराला उपयोगी पडतील असे विषय. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी 15 लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं नाव लागलं. आज जुहूच्या आवारात संगणक शिकणाऱ्या मुलींना ‘सुगृहिणी’ हा शब्द ऐकून हसू येईल. मी हसणार नाही. विधवेचं तोंड पाहणं अशुभ मानणाऱ्या समाजाच्या गळी हे उतरवायचं होतं. एवढं मात्र खरं, की त्या युक्तिवादात शिकायची मुलगी आणि लाभ नवऱ्याला, मुलांना.

अर्थशास्त्रज्ञांनी तेच गणित पुढे आकड्यांत मांडलं. जागतिक बँकेचे तेव्हाचे मुख्य अर्थतज्ज्ञ लॉरेन्स समर्स 1992 मध्ये म्हणाले, की विकसनशील देशांत मुलींच्या शिक्षणाइतका परतावा देणारी गुंतवणूक बहुधा दुसरी नाही. शिकलेल्या आईची मुलं कमी दगावतात, कुटुंब लहान राहतं, कमाई वाढते. त्याच वर्षी मे महिन्यात पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली पहिली लेडीज स्पेशल सोडली. आत्या लग्नानंतर बोरिवलीला राहायची, फोर्टातल्या बँकेत नोकरी. मांडीवर पिशवी पसरून मटार सोलत घरी येणाऱ्या बायकांना परतावा म्हणजे काय, हे कोणी शिकवायची गरज नव्हती. आजोबांच्या 1979 च्या वहीत तिचा पगार ‘जमा’कडे दिसतो, लग्न होईपर्यंत दरमहा. ‘परक्याचं धन’ घरचं भाडं भरत होतं.

मुलुंडच्या आमच्या शेजाऱ्यांनी लेकीचं सुकन्या समृद्धीचं खातं पोस्टात उघडलंय. 2015 ची ही योजना. मुलगी अठराची झाली की शिक्षणासाठी निम्मी रक्कम काढता येते, किंवा लग्नासाठी खातंच बंद करता येतं. एकाच पासबुकात कॉलेज आणि मांडव! राज्य सरकारने 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. हे देणं की गुंतवणूक? सरकारी भाषणांत दोन्ही शब्द सुखाने नांदतात.

माझं मन गुंतवणुकीला कचरतं ते एवढ्यासाठी, की गुंतवणूक बुडू शकते. इंजिनिअर झालेली मुलगी बाळंतपणानंतर घरी बसली की लोक लगेच ‘फी वाया गेली’ म्हणून मोकळे होतात. काका इंटरला दोनदा बसला. त्याचं पान वहीत शेवटपर्यंत शाबूत राहिलं.

वही आत्याला दाखवली. ती आता सदुसष्टची आहे. चष्मा कपाळावर चढवून तिने त्या ओळीवरून बोट फिरवलं. म्हणाली, “जूनची फी आहे ही, सप्टेंबरात भरलेली. सहामाहीच्या आधी आठवडाभर मी वर्गाबाहेर उभी होते. घरी नाही सांगितलं.”

मग बोट एक ओळ खाली सरकलं.

“आणि हा अंगठा माझ्याच चपलेचा.”