आहात तसे या

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोरच म्हशीची धार काढतात. फेसाळतं दूध थेट पेल्यात येतं. तिथं शंकेला जागाच नसते.

इन्स्टाग्रामवर नवं खातं उघडलं, की असं आहे तसं समोर यायला मन मात्र बिचकतं. दुसऱ्याची ऐट उसनी घ्यावीशी वाटते. आपली कोल्हापुरी बोली लपवावीशी वाटते. का बरं? तिच्यातला रांगडा जिव्हाळाच तर ऐकणाऱ्याला हवा असतो.

मित्रांनो, आहात तसे या. सुरुवातीला थोडेच लोक ऐकतील. ऐकू द्या. उसना चेहरा रोज सांभाळावा लागतो, आणि त्यानं माणूस आतून थकतो. तरुण मुलांचं ते थकणं पाहवत नाही. म्हणून पुन्हा सांगते, आहात तसे या. आज पहिली ओळ लिहिणार असाल, तर घरी आईशी बोलता त्याच बोलीत लिहा.