न पाहता केलेला सौदा

कुर्बानीचा बकरा घेताना आपण किती चिकित्सक असतो! देवनारच्या बाजारात ओठ वर करून दात पाहतो, चार पावले चालवतो, कान, शिंगे, डोळे तपासतो. लंगडे, आंधळे वा आजारी जनावर कुर्बानीला चालत नाही, हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. २०२० साली कोरोनामुळे जनावरांचे बाजार बंद राहिले आणि बकरे ऑनलाइन किंवा फोनवरून घ्या, असे राज्य सरकारने सांगितले. न पाहता जनावर कसे घ्यायचे, हा प्रश्न तेव्हा आपल्यापैकी अनेकांना पडला होता.

मग अंधेरी, कुर्ला, घाटकोपर, मुलुंडच्या आपल्या घरांत मुलांच्या हट्टापायी मोबाइलवरचा फोटो पाहून मांजराचे पिल्लू किंवा पक्ष्यांची जोडी मागवताना ही चिकित्सा कुठे जाते? पिल्लू किती दिवसांचे आहे, त्याची आई कुठे आहे, लस टोचली का, विकणारा कोण, हे आपण विचारत नाही. पैसे जातात आणि खोक्यात कोंडलेला जीव रिक्षातून दारात येतो. तो चौथ्या दिवशी मेला, तर विकणाऱ्याचा फोन लागत नाही.

आपल्या फिकहमध्ये अशा सौद्याला नाव आहे: गरर. हवेतला पक्षी आणि पाण्यातला मासा विकू नये, ही फुकहांनी त्याची दिलेली उदाहरणे. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला माल प्रेषितांनी (स.) उघड केला आणि विकणाऱ्याला खडसावले, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. पण ओल्या धान्यात नुकसान घेणाऱ्याचेच होते. इथे मालालाच भूक लागते, तहान लागते. मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईला शिक्षा झाल्याचे आपल्याला सांगितले गेले. या सौद्यात कोंडणारा कोण? पैदास करणारा, जाहिरात दाखवणारी कंपनी, की पैसे देणारे आपण?

कायदा नाही असे नाही. २०१७ च्या नियमांनी आठ आठवड्यांखालचे कुत्र्याचे पिल्लू विकायला मनाई केली. २०१८ च्या नियमांनी पाळीव प्राण्यांच्या दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची केली आणि ऑनलाइन विक्रीलाही दुकानच मानले. देशी पोपट विकणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हाच आहे. पण रस्त्यावरच्या दुकानात निरीक्षक जाऊ शकतो. मोबाइलमधल्या दुकानाला ना पाटी, ना पत्ता. शिवाय प्राण्यांवरील क्रूरतेच्या १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त पन्नास रुपये दंड लिहिलेला. एका पिल्लाच्या किमतीपुढे तो काय?

जनावरांच्या नावाने कायदा म्हटला की आपल्या काळजात धस्स होते, हे आम्ही जाणतो. २०१५ च्या गोवंश हत्याबंदीनंतर खाटीक आणि जनावरांचे व्यापारी काय सोसत आले, ते आपल्याच घरांत घडले आहे. म्हणून तर या कायद्याचा आग्रह आपण धरला पाहिजे, आणि त्याचा बडगा कुणावर पडावा हेही आपणच सांगितले पाहिजे. पहिली जबाबदारी जाहिरात दाखवणाऱ्या कंपनीची असावी: नोंदणी क्रमांक आणि पशुवैद्याचा दाखला नसेल तर जाहिरात दिसूच नये. घरात दोन मांजरे पाळून पिल्ले विकणाऱ्या पोराला नोंदणीची ५,००० रुपयांची फी जड आहे. ती कमी करावी, पण नोंद त्यालाही चुकू नये.

इस्लामी नगरांत बाजारावर मुहतसिब नेमला जाई. वजन-मापे तो तपासत असे आणि जनावरावर जादा ओझे लादणाऱ्यालाही अडवीत असे. आज बाजार खिशात आला; मुहतसिब मात्र मागेच राहिला. तो नेमण्याची मागणी सरकारकडे करू या. तोवर दात पाहून बकरा घेणाऱ्या आपण पिल्लाची आई पाहिल्याशिवाय पिल्लू घ्यायचे नाही, एवढे तरी ठरवू या.