बाटलीला जागा कोणती?

वाचकहो, कोणत्याही कर्माचा विचार शास्त्र तीन अंगांनी करते: देश, काळ आणि पात्र. दान उत्तम खरे. पण तेही भलत्या जागी, भलत्या वेळी, भलत्या माणसाला दिले तर गीतेने तामस ठरविले आहे. मद्याच्या बाबतीत आपल्या राज्याच्या कायद्यानेही हीच तीन अंगे धरली आहेत. १९४९ सालच्या दारूबंदी कायद्याखाली पिणाऱ्याला परवाना लागतो, वयाची अट असते. हे पात्र झाले. आषाढी-कार्तिकी एकादशीला दारूची दुकाने बंद. हा काळ झाला. देवळाला व शाळेला लागून दुकान नको. हा देश झाला.

आता प्रश्न असा की, लेकरेबाळे जिथे बर्गर-पिझ्झा खायला जातात, त्या झटपट खाण्याच्या हॉटेलांत बीअर-वाइन द्यावी काय? जर्मनीत मॅकडोनाल्डच्या हॉटेलांतून बीअर मिळते. आपल्याकडे १९९६ साली ती हॉटेले आली, ती मात्र बीअरविना. पण याच वाटेवरचा एक निर्णय आपल्या मंत्रिमंडळाने २७ जानेवारी २०२२ रोजी घेतला. मोठ्या सुपरमार्केटांत वेगळे कपाट ठेवून वाइन विकावी, असा तो निर्णय. द्राक्ष पिकविणाऱ्याचे हित, हे कारण सांगितले. राज्यभर विरोध उठला. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. पण गंमत पाहा! देवळाजवळच्या व शाळेजवळच्या दुकानांना त्याच निर्णयाने मनाई केली होती. म्हणजे शेजाराचा परिणाम मनावर होतो, हे सरकारलाही मान्यच आहे.

आता पूर्वपक्ष ऐकू. कोणी म्हणेल, “महाराज, जबरदस्ती कोण करतो? चोरून ढोसण्यापेक्षा बायकोमुलांसमोर घोटभर घेतलेली बरी. माणूस आवरून पितो. फार दाबाल तर हातभट्टी फोफावेल.” यात तथ्य नाही असे नाही. २०१५ साली मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली. नुसत्या बंदीने सदाचार येत नाही, हे मानलेच पाहिजे.

पण मी विचारतो, पिणाऱ्याला जागा कमी आहेत काय? परमिट रूम आहेत, बार आहेत, दुकाने आहेत. जागा कमी आहेत त्या सोडणाऱ्याला! शहाडचेच उदाहरण घ्या. एखाद्या कामगाराने गळ्यात माळ घातली, बाटली सोडली. पाळी सुटल्यावर तो जुन्या वाटेने जात नाही, जुन्या सोबत्यांत बसत नाही. रविवारी बिर्ला मंदिरात विठोबाचे दर्शन घेतो आणि लेकरांना काही खाऊ घालावे म्हणून हॉटेलात शिरतो. शेजारच्या टेबलावर फेसाळता ग्लास आला, तर त्याने काय करावे? पोरांचा हात धरून उठावे? उठून जावे तरी कुठे? विषयाच्या चिंतनातून संग, संगातून काम, आणि पुढे थेट नाशापर्यंतच्या पायऱ्या गीतेच्या दुसऱ्या अध्यायात मोजून दिल्या आहेत. ज्याचे व्यसन नुकते सुटले, त्याला त्या समजावून सांगाव्या लागत नाहीत. पोराला घासभर खाऊ घालण्यासाठी त्याने दरवेळी तपश्चर्या करावी काय? स्वातंत्र्य स्वातंत्र्य म्हणता, तर हिशेब नीट मांडा: पिणाऱ्याला एक टेबल जास्त मिळाले, आणि सोडणाऱ्याच्या हातचे अख्खे हॉटेल गेले.

तीच गोष्ट मुलाची. शाळेजवळ बाटली नको म्हणायचे, आणि शाळा सुटल्यावर मूल जिथे खायला बसते तिथे चालेल म्हणायचे, हा न्याय कुठला? जेवणाबरोबर जे रोज दिसते, ते मुलाला जेवणाचाच भाग वाटू लागते.

तेव्हा कुणाच्या हातचा पेला हिसकावू नये. पिणाऱ्याचा तिरस्कार तर मुळीच करू नये, उद्याचा माळकरी त्यातच असतो. पण भुकेची जागा भुकेलाच राहू द्यावी. आपण हॉटेलात जातो तेव्हा गल्ल्यावर एक शब्द अवश्य सांगावा, “मालक, इथे बाटली नाही, म्हणून आम्ही पोरेबाळे घेऊन येतो.” गिऱ्हाइकाचा शब्द हॉटेलवाला सहसा टाकीत नाही.

रामकृष्णहरि.