पाऊल न ठेवण्याचा आदर



एखाद्या जागेचा मान राखायचा म्हणजे काय करायचे? आपल्याला एकच रीत ठाऊक आहे, ती म्हणजे तिथे जायचे. वेलंकणीला जायचे, बांद्र्याच्या माउंट मेरीला जायचे, मेणबत्ती लावायची. 2 नोव्हेंबरला आपण दफनभूमीत जाऊन आपल्या माणसांच्या कबरी स्वच्छ करतो, फुले वाहतो. आपल्या नागपुरात 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा ते एक मोकळे मैदान होते. आज ती दीक्षाभूमी आहे, आणि दरवर्षी तिथे येणाऱ्या लाखो पावलांनीच ती राखली आहे. लोक यायचे थांबले असते तर शहरातल्या मोकळ्या जमिनीचे काय होते, हे नागपूरकरांना सांगायला नको.

पण एक जागा अशी आहे की तिथे ही रीत लावली तर ती जागाच पुसली जाईल. ती चंद्रावर आहे.

20 जुलै 1969 ला, म्हणजे आपल्या घड्याळाप्रमाणे 21 जुलैच्या रात्री पावणेदोनच्या सुमारास, नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन यांचे यान चंद्राच्या शांतिसागरात उतरले. सागर म्हणायचे एवढेच. तिथे पाण्याचा थेंब नाही, विदर्भाच्या काळ्या पाषाणासारखाच थिजलेल्या लाव्हाचा खडक आहे आणि त्यावर बारीक धूळ. दोघे अडीच तास यानाबाहेर होते. जेवढ्या जागेत ते हिंडले ती एका फुटबॉलच्या मैदानात मावेल. तिथे वारा नाही, पाऊस नाही, म्हणून त्यांच्या पाऊलखुणा आजही आहेत. अवकाशातून पडणाऱ्या बारीक कणांनी त्या झिजायला लाखो वर्षे लागतील. माणसाच्या बुटाला मात्र एक क्षण पुरेल.

भक्तीचा हात लागूनही वस्तू झिजते, हे आपल्याला नवे नाही. गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पायाचे बोट 1554 मध्ये एका बाईने चावून नेले असे सांगतात. तिने ते द्वेषाने केले नाही, श्रद्धेनेच केले! पुढेही पुष्कळ वर्षे भाविक त्या पायांचे चुंबन घेत. आता काचेच्या पेटीतूनच दर्शन होते, आणि दूर ठेवले म्हणून कोणाची श्रद्धा कमी झाल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही.

चंद्रावरच्या त्या मैदानात शंभराहून अधिक वस्तू मागे राहिल्या आहेत. यानाचा खालचा भाग आहे. परतीच्या झोताने आडवा झालेला झेंडा आहे. एक आरसा आहे, ज्यावर पृथ्वीवरून लेझरचे किरण टाकून चंद्राचे अंतर अजून मोजले जाते. ओझे कमी करण्यासाठी टाकलेल्या पाठीवरच्या पेट्या आहेत, कचऱ्याच्या पिशव्याही आहेत. आणि त्यांतच एक छोटी थैली आहे. तिच्यात युरी गागारिन आणि व्लादिमिर कोमारोव्ह या दिवंगत रशियन अंतराळवीरांची पदके आहेत. त्या काळात या दोन देशांचे वैर केवढे होते, ते जुन्या मंडळींना आठवत असेल. शिवाय एक लहानशी चकती आहे. तिच्यावर 73 देशांच्या प्रमुखांचे संदेश सूक्ष्म अक्षरांत कोरले आहेत. इंदिरा गांधींचा आहे, आणि पोप पॉल सहावे यांनी पाठवलेले आठवे स्तोत्रही आहे. ही थैली ठेवायचे ऑल्ड्रिन जवळजवळ विसरलेच होते. शिडी चढताना आठवण झाली तेव्हा ती खाली टाकली. यातला कचरा कोणता आणि ठेव कोणती, हे ठरवणे सोपे नाही.

ऑल्ड्रिन प्रेस्बिटेरियन मंडळीचे. बाहेर पडण्यापूर्वी त्यांनी यानातच सोबत नेलेली भाकर आणि द्राक्षारस घेऊन कम्युनियन घेतले. आधीच्या मोहिमेत उत्पत्तीच्या पुस्तकाचे वाचन झाल्यावरून खटला झाला होता, म्हणून याचे प्रक्षेपण करू नका असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी जगाला केवळ क्षणभर थांबून आपापल्या परीने आभार मानण्याची विनंती केली आणि बाकीचे मौनात केले. पुढे 2009 च्या आत्मकथनात त्यांनी लिहिले की पुन्हा संधी मिळाली तर कदाचित आपण तसे करणार नाही, कारण आपण सर्व मानवजातीच्या वतीने गेलो होतो. आम्हांला वाटते, त्यांनी केले ते योग्यच. पण गाजावाजा न करता केले म्हणून ते योग्य. सर्वांच्या जागेत आपली खूण ठळक करण्याचा मोह प्रत्येक धर्माला होतो, आपल्यालाही.

आता खरी अडचण. 1967 च्या करारानुसार चंद्राची जमीन कोणत्याही देशाला आपली म्हणता येत नाही. यान अमेरिकेचे आहे, त्याखालची माती कोणाचीच नाही. मग पाऊलखुणा कोणाच्या? 2011 मध्ये अमेरिकेच्या नासाने विनंतीवजा सूचना काढल्या. या जागेच्या 75 मीटरच्या आत कोणी जाऊ नये, आणि 2 किलोमीटरच्या आत यान उतरवू नये. कारणही साधे आहे. हवा नसल्यामुळे यानाच्या झोताने उडालेली धूळ गोळीसारखी सुटते. अपोलो 12 एका जुन्या यंत्रापासून सुमारे दीडशे मीटरवर उतरले, तेव्हा त्या यंत्रावर धुळीचा असा मारा झाला होता.

यावर कोणी म्हणेल, आधी पोचलेल्या श्रीमंताने कुंपण घालायचे आणि मागून येणाऱ्या गरिबाला दूर राहा म्हणायचे, हा कुठला न्याय? हा आक्षेप आम्हांला हलका वाटत नाही. पृथ्वीवर अशी कुंपणे पुष्कळ पडली आहेत. म्हणून असा नियम एकाचा असून चालणार नाही. रशियाची याने, 23 ऑगस्ट 2023 ला उतरलेले आपले विक्रम, चीनची याने, सर्वांना तो सारखाच हवा. भारताने जून 2023 मध्ये ज्या आर्टेमिस करारावर सही केली, त्यात असा वारसा जपण्याचे कलम आहे. चीन आणि रशियाने त्यावर सही केलेली नाही. चंद्रावर माणूस उतरवण्याची तयारी मात्र अमेरिका आणि चीन दोघेही करत आहेत.

त्या मोहिमेत तिसरेही एक जण होते, मायकेल कॉलिन्स. ते चार लाख किलोमीटर दूर गेले आणि चंद्रावर उतरले नाहीत. परतीचे यान सांभाळत ते वरून घिरट्या घालत राहिले. प्रत्येक फेरीत ते दुर्बिणीतून खाली आपल्या साथीदारांचे यान शोधत होते. ते त्यांना एकदाही दिसले नाही. ऑक्टोबर 1969 मध्ये हे वीर मुंबईला आले, तेव्हा त्या दोघांबरोबर तेही होते.