किकऑफच्या आधी

जुलै संपत आला की आमच्या घरात एक कार्यक्रम ठरलेला असतो. मी आणि माझा मुलगा कॉलेज फुटबॉलच्या कोचांची भाषणं ऐकत बसतो. हंगाम अजून महिनाभर दूर असतो. बिग टेन या गटातल्या अठरा विद्यापीठांचे कोच एकामागून एक पत्रकारांसमोर येतात, आपली टीम सांगतात आणि नव्या नियमांवरच्या प्रश्नांना उत्तरं देतात. त्या दिवशी सगळ्यांची पाटी कोरी असते. कोणी जिंकलेलं नसतं, कोणी हरलेलं नसतं.

टीमबद्दल ते जे बोलतात त्यातून फारसं हाती लागत नाही. पोरं कष्टाळू आहेत, उन्हाळाभर घाम गाळला आहे, पहिल्या सामन्याकडे लक्ष आहे, हे अठराही जण सांगतात. नियमांचा विषय निघाला की मात्र माणूस कळतो. बदललेल्या नियमाचा आपल्याला फायदा किती, एवढाच हिशेब मांडणारे कोच असतात. त्या नियमाखाली खेळणाऱ्या पोराचं काय होणार, हे आधी पाहणारेही असतात. पंधरा वर्षं ऐकून मला हा फरक ओळखता येऊ लागला आहे, आणि तो कळायला एक शनिवार कारण झाला.

मी कोल्हापूरचा. फुटबॉल म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे शाहू स्टेडियम येतं, पाटाकडील तालीम आणि प्रॅक्टिस क्लबची लढत येते. आमच्याकडे तालमींच्या नावानं टीम उतरतात, त्यामुळे शिकवणारा तो वस्ताद, हे डोक्यात पक्कं बसलेलं. न्यू जर्सीत पिस्कॅटवेला राहायला आलो तेव्हा इथला लांबट चेंडू, हेल्मेट, हातात चेंडू घेऊन धावणं, चार प्रयत्नांत दहा यार्डं काढायची धडपड, हे सगळं परकं वाटलं. मग कळलं की अमेरिकेतला पहिला कॉलेज सामना घरापासून थोड्याच अंतरावर झाला होता. ६ नोव्हेंबर १८६९ ला न्यू ब्रन्सविकमध्ये रट्गर्स आणि प्रिन्स्टन भिडले. चेंडू गोल होता, तो हातात धरून पळायला बंदी होती, एकेका बाजूला २५ जण होते. रट्गर्सनं ६-४ असा सामना घेतला. खेळायला उतरण्याआधी दोन्ही कॉलेजांना नियम ठरवून घ्यावे लागले होते. म्हणजे हा खेळ सुरू झाला तोच नियमांच्या बोलण्यातून.

पुढे ते बोलणं जिवावर आलं. १९०५ च्या हंगामात देशभरात किमान अठरा तरुण या खेळात दगावले. घोळक्यानं एकमेकांवर तुटून पडणं हाच तेव्हाचा डाव होता. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं. १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकायला, म्हणजे फॉरवर्ड पासला परवानगी मिळाली. आज ज्या लांब पासवर सारं स्टेडियम उभं राहतं, तो पोरं मरू नयेत म्हणून आला. खेळाडूला वाचवायला केलेल्या बदलानं खेळ देखणा झाला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

आता तो शनिवार. १६ ऑक्टोबर २०१०. रट्गर्सचा सामना आर्मीशी, म्हणजे अमेरिकेच्या लष्करी अकादमीच्या टीमशी होता, मेडोलँड्सच्या मोठ्या स्टेडियमवर. माझा मुलगा तेव्हा पंधरा वर्षांचा, हायस्कूलच्या टीममध्ये नुकताच घेतलेला. नव्या पोरांना जिथे घालतात त्या किकऑफच्या तुकडीत तो होता. किकऑफ म्हणजे एका टीमनं चेंडू दूर लाथाडायचा, दुसऱ्या टीमच्या खेळाडूनं तो झेलून उलट धावत यायचं, आणि लाथाडणाऱ्यांनी चाळीस-पन्नास यार्डं जिवाच्या आकांतानं पळत जाऊन त्याला आडवं करायचं. बाकी खेळात माणसं हाताच्या अंतरावरून भिडतात. इथे दोन्हीकडून पूर्ण वेगात येतात.

चौथ्या सत्रात रट्गर्सच्या ५२ नंबरच्या एरिक लग्रांडनं अशीच एक टक्कर घेतली आणि तो मैदानावर पडला. वीस वर्षांचा मुलगा, इथल्याच मिडलसेक्स काउंटीचा. उठायचा प्रयत्न त्यानं केला असावा, पण शरीर हललं नाही. मानेचे मणके मोडले होते. स्टेडियम गप्प झालं, आमची बैठकीची खोलीही गप्प झाली. माझी बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, पडद्याकडे पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं आणि काही न बोलता परत आत गेली. त्या रात्री आमच्या घरात कोणी नीट जेवलं नाही.

रट्गर्सचे कोच होते ग्रेग शियानो. त्या मुलाला त्यांनीच टीममध्ये आणलं होतं. अमेरिकेत कोच खेळाडूच्या घरी जातो, जेवणाच्या टेबलाशी बसतो आणि पोर आमच्या हवाली करा म्हणतो. अशी जबाबदारी घेतल्यानंतर मुलाच्या आईसमोर हॉस्पिटलमध्ये उभं राहणं काय असेल, याची कल्पना करवत नाही. पुढच्या काळात शियानोंनी एक सूचना मांडली: किकऑफ काढूनच टाका. ज्या टीमनं गुण केले तिला तिच्याच ३० यार्डांच्या रेषेवर चेंडू द्या, शेवटचा प्रयत्न आणि पंधरा यार्ड बाकी अशा अवस्थेत. तिनं हवं तर पंट करावी, म्हणजे चेंडू हातातून सोडून लाथेनं दूर धाडावा, नाहीतर धाडस करून पंधरा यार्डं काढायला जावं. पंटलाही धावाधाव असते, पण दोन्ही टीम समोरासमोर उभ्या राहून सुरुवात करतात. दोन्हीकडून सुसाट येऊन होणारी टक्कर त्यात बरीच टळते.

कॉलेज फुटबॉलनं ती सूचना घेतली नाही. बदल तुकड्यातुकड्यांनी झाले. २०१२ मध्ये किकऑफ ३० ऐवजी ३५ यार्डांच्या रेषेवरून घ्यायचं ठरलं आणि चेंडू परत न आणणाऱ्या टीमला २५ वर जागा मिळाली. २०१८ मध्ये, २५ च्या आत चेंडू नुसता झेलून थांबलं तरी २५ वरून सुरुवात, असं ठरलं. आज निम्मे किकऑफ नुसते उभं राहून बघण्यासारखे झाले आहेत, अशी तक्रार मी जुन्या प्रेक्षकांकडून ऐकतो. मला ती तक्रार पटत नाही. प्रिन्स्टनसह आठ विद्यापीठांच्या आयव्ही लीगनं २०१६ मध्ये किकऑफ आणखी पुढे, ४० वर नेला. २०१८ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दर हजार किकऑफमागे मेंदूला धक्का बसण्याचं प्रमाण आधी सुमारे ११ होतं, ते सुमारे २ वर आलं. पाच यार्डांचा हा फरक होता.

आयव्ही लीग म्हटलं की मला बडी टीव्हन्स आठवतात. डार्टमथ कॉलेजचे कोच. या माणसाबद्दल मराठीत कोणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो. २००८ मध्ये त्यांची टीम दहाच्या दहा सामने हरली. पुढच्या वर्षी दोन जिंकली, आठ हरली. अशा वेळी कोच काय करतो? सराव कडक करतो. आमच्या कोल्हापुरातही हरलेल्या टीमला दुसऱ्या दिवशी दुप्पट पळवायचे. टीव्हन्स यांनी २०१० मध्ये उलटं केलं. सरावात आपल्याच खेळाडूनं आपल्याच खेळाडूला अंगावर जाऊन पाडायचं नाही, असा नियम त्यांनी स्वतःच्या टीमला लावला. टॅकल, म्हणजे असं पाडणं, शिकायचं ते गाद्यांवर आणि पुतळ्यांवर. नंतर डार्टमथच्या इंजिनिअरिंगच्या लोकांनी दूरनियंत्रकावर मैदानभर पळणारा पुतळाच बनवला. त्या वर्षी टीमनं सहा सामने जिंकले, आणि २०१५ मध्ये लीगचं विजेतेपद वाटून घेतलं. २०१६ मध्ये आयव्हीच्या आठही कोचांनी हंगामातल्या सरावातलं टॅकलिंग बंद करण्याच्या बाजूनं एकमतानं कौल दिला.

नोकरी जाण्याच्या काठावर असताना, कोणी सांगितलेलं नसताना, त्यांनी हा नियम स्वतःवर घातला. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत या खेळात कोणा कोचनं केलेलं हे सगळ्यात धाडसाचं काम आहे. सायकल अपघातातल्या दुखापतींनी २०२३ मध्ये टीव्हन्स गेले.

अलीकडच्या भाषणांमध्ये नियमांची गर्दी झाली आहे. २०२३ पासून फर्स्ट डाउननंतर, म्हणजे दहा यार्डं काढून नवे चार प्रयत्न मिळाल्यावर, घड्याळ थांबत नाही, फक्त प्रत्येक अर्ध्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत थांबतं. २०२४ मध्ये एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये कोचचा आवाज पोचू लागला. त्याच वर्षी दोन मिनिटं उरली की ठरलेली विश्रांतीही आली, तिच्यात जाहिराती बसतात. यांवर कोच भरभरून बोलतात. मी फारसं लक्ष देत नाही.

२०२५ चा एक नियम मात्र मनात राहिला. समोरची टीम झपाट्यानं खेळू लागली की आपल्या एखाद्या पोरानं दुखापतीचं सोंग घेऊन लोळायचं, म्हणजे खेळ थांबतो, हा प्रकार माजला होता. आता पुढच्या खेळीसाठी चेंडू जागेवर ठेवल्यानंतर कोणाला तपासायला वैद्यकीय माणसं मैदानात आली, तर त्या टीमचा एक टाइमआउट, म्हणजे खेळ थांबवायचा एक हक्क, जातो. टाइमआउट उरला नसेल तर पाच यार्डांचा दंड. सोंग बंद व्हायलाच हवं होतं. पोरांना लोळायला शिकवणारे कोचच होते. पण मला भीती वाटते ती खऱ्या दुखापतीची. डोकं गरगरत असलेला एखादा विशीतला मुलगा, टाइमआउट वाया जाईल म्हणून दात-ओठ खाऊन उभा राहील. या नियमाबद्दल बोलताना जो कोच पोरांना सांगेल की टाइमआउट गेला तरी चालेल, तू खाली बस, तो माझ्या लेखी वस्ताद.

पैशांचं बोलणं आता सगळ्यांत वरचढ आहे. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करता येते, आणि जून २०२५ मध्ये कोर्टानं मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एकेका विद्यापीठात २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. हे व्हायलाच हवं होतं. ज्यांच्या मानेवर हा धंदा उभा आहे त्यांना वाटा मिळाला. पण त्याच तडजोडीत टीमला १०५ जणांची मर्यादा आली. शिष्यवृत्तीशिवाय, केवळ आवडीपोटी चार वर्षं सराव करणाऱ्या पोरांसाठी दारं त्यामुळे अरुंद झाली, याचं मला वाईट वाटतं.

माझा मुलगा कॉलेजच्या टीमपर्यंत पोचला नाही. आज तो इथल्याच एका शाळेत सहायक कोच आहे. न्यू जर्सीत २०१९ पासून शाळांच्या फुटबॉलला बंधन आहे: हंगाम चालू असताना आठवड्याला फक्त १५ मिनिटं अंगावर जाऊन सराव. आधी ती मर्यादा ९० मिनिटांची होती. त्याच्या गळ्यात शिट्टीशेजारी स्टॉपवॉच लटकलेलं असतं. ऑगस्टच्या पालकसभेला मागच्या रांगेत मी बसतो. गेल्या वर्षी एका मराठी आईनं उभं राहून विचारलं, "माझा मुलगा किकऑफला असणार का?" तो म्हणाला, "ताई, पहिले दोन महिने नाही. नीट पडायला शिकला की मी आधी तुम्हाला सांगेन, मग त्याला." ती खाली बसली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

तुमचं मूल कबड्डी खेळत असो, कुस्ती असो की फुटबॉल, कोल्हापुरात असो की इथे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, हंगामाच्या आधीच्या त्या सभेला जा. टीम जिंकेल का, हे विचारू नका. डोक्याला मार लागला तर मुलाला बाहेर कोण काढणार आणि परत खेळू द्यायचं कोण ठरवणार, एवढं विचारा.