मूठभर खताचा धर्म

गेल्या कार्तिक वद्य एकादशीस आळंदीत कीर्तन आटोपून आम्ही बसलो होतो, तोच एक गृहस्थ पाया पडून पुढे बसले. त्यांचा मुलगा अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात असतो. हेही वर्षातले काही महिने तिकडेच. म्हणाले, "बुवा, तिकडे घरापुढच्या हिरवळीला स्फुरदाचे खत घालायला कायद्याची बंदी. आम्ही पाळतो. पण दंडाच्या धाकाने पाळले, त्याला धर्म म्हणायचे का?"

वाचकहो, आधी प्रकार काय तो पाहा. खताच्या पिशवीवर तीन आकडे असतात : नत्र, स्फुरद, पालाश. तिकडे २००२ साली कायदा झाला आणि २००५ पासून राज्यभर हिरवळीपुरता मधला आकडा शून्य हवा असे ठरले. सरसकट बंदी नव्हे बरे! मातीची परीक्षा करून स्फुरद कमी निघाले, किंवा हिरवळ नवीच लावली असली, तर मोकळीक आहे. तिकडच्या मातीत पुष्कळ ठिकाणी स्फुरद मुळातच पुरेसे. वरून घातलेले पावसाबरोबर रस्त्याच्या गटारात जाते, तिथून थेट तळ्यात. मग गवताऐवजी शेवाळ माजते; किलोभर स्फुरदावर शेकडो किलो. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो नि मासे मरतात.

यावर पूर्वपक्ष ठरलेला : अंगण माझे, पैसा माझा, मूठ ती केवढी! शिवाय शेतातून वाहते त्याचे काय? शेती त्या कायद्याबाहेर आहे, हे खरे. पण शेतातले खत पोटासाठी असते, हिरवळीचे शोभेसाठी. आणि शेजाऱ्याची चोरी मोठी म्हणून आपण साव ठरत नाही.

आता धाकाची गोष्ट. पाठशाळेत आम्ही मीमांसा घोकली. तिच्या मते निषेध पाळल्याने पुण्य जोडत नाही. मोडला तर पाप लागते, एवढेच. तेव्हा गृहस्थ ज्या पुण्याचा हिशेब मागत होते, ते खाते तिथे मुळी उघडलेलेच नाही. धाकाने न टाकलेली मूठ आणि भक्तीने न टाकलेली मूठ, तळ्याला दोन्ही सारख्याच.

हे बोललो खरे, पण जीभ अडखळली. चाळीस वर्षे आम्ही सांगत आलो की कायदे कशाला, नामाने मन पालटते. पालटतही असेल. त्याच चाळीस वर्षांत इंद्रायणी आमच्या डोळ्यांदेखत जलपर्णीने झाकली, अलीकडे फेसाने पांढरी झाली. तिचे दुखणे हिरवळीच्या खताचे नव्हे. ते शहरांच्या सांडपाण्याचे आणि कारखान्यांचे. त्यासाठी १९७४ पासून कायदा आहे, अंमलाची मात्र रड आहे. कीर्तनाने कारखान्याची नळी बंद होत नाही, हे कबूल करायला आम्हांला साठी उलटावी लागली.

आणि आमची मूठ? आम्ही स्वतः इतकी वर्षे घाटावर उपरणे साबणाने धूत आलो. तेही गंगास्नानाचे माहात्म्य सांगून झाल्यावर! एखादा शिपाई आडवा आला असता तर रागावलो असतो, पण साबण झोळीत ठेवला असता. हेही त्या गृहस्थांना सांगितले. ते हसले नाहीत, आम्हीही नाही.

दुसऱ्या दिवशी उपरणे धर्मशाळेच्या मोरीत धुतले. त्या मोरीचे पाणी पुढे कुठे जाते, ते व्यवस्थापकांना विचारायचे राहून गेले. पुढल्या खेपेस विचारू.